तांबडदऱ्याचा वाटाड्या

फुलंब्रीच्या अलीकडे डोंगरांची जी रांग लागते, तिच्यात एक दरा आहे. सरकारी नकाशात त्याला नाव नाही, पण आजूबाजूच्या पाच-सहा गावांत कुणालाही विचारा, तांबडदरा म्हटलं की तो हात लांब करून दाखवील. वर असंही सांगेल, की दरा बघायचा तर मुंजाबाला संगं घ्या, नाहीतर तंगड्या तोडून रिकाम्या हातानं परत याल. हे लोक सांगत ते जुन्या सवयीनं. १९९४ साल उजाडलं तोवर मुंजाबा कुणाला दरा दाखवेनासा झाला होता, आणि दराही दाखवण्यासारखा अर्धाच उरला होता.

मुंजाबा जातीनं धनगर. बाप मेंढरांमागं फिरला, आजा मेंढरांमागं फिरला, तोही फिरला. शाळेची दुसरी यत्ता त्यानं पाहिली, तिसरीनं त्याला पाहिलं नाही. पण शहरातल्या कॉलेजात त्याचं नाव होतं. तिथले दगडांचा अभ्यास शिकवणारे एक सर दर हिवाळ्यात पंचवीस-तीस पोरं-पोरी घेऊन दऱ्यात यायचे आणि मुंजाबा पुढं चालायचा. या पोरांकडं हातोड्या असत. दिसेल त्या दगडाचा टवका काढून, कागदात गुंडाळून ती पिशवीत भरत आणि उन्हं कलली की पिशवी उचलवत नाही म्हणून निम्मे टवके वाटेत गुपचूप टाकून देत. मुंजाबा मागाहून ते वेचून परत जागच्या जागी ठेवायचा. सर हसायचे. मुंजाबा म्हणायचा, "सर, दगडाला बी आपली जागा आसती."

आता तोच मुंजाबा त्याच दऱ्याच्या तोंडाशी खडी क्रशरवर राखणदार होता. वाळूजला कारखान्यांवर कारखाने उठत होते, रस्ते रुंद होत होते, आणि त्या सगळ्याच्या पोटात घालायला खडी लागत होती. मुंजाबाच्या कामाला हिसाब-किताब लागत नसे. सुरुंग पेटवण्याआधी तीन शिट्ट्या मारायच्या, काठीला बांधलेलं लाल फडकं हलवायचं, दऱ्यात गुरं-माणसं राहिली नाहीत ना ते उंचावरून बघायचं आणि खाली मुकादमाला ओरडून सांगायचं, "कुनी न्हाई!" मग मुकादम बत्ती द्यायचा. दहा वर्षं मुंजाबा हेच दोन शब्द ओरडत आला होता. क्रशर बद्रीनाथचा होता. बद्रीनाथ म्हणजे गावच्या मोठ्या शेतमालकाचा मुलगा, मुंजाबापेक्षा आठ वर्षांनी लहान. पोरपणी शाळा चुकवून तो मुंजाबाच्या मागं मेंढरांत हिंडायचा. दऱ्याच्या सगळ्या वाटा त्याला मुंजाबानंच शिकवल्या होत्या.

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. आठवडी बाजार म्हणून क्रशर बंद होता. पत्र्याच्या खोलीच्या सावलीला मुंजाबा बसला होता, तर खालून एक बाई चढून येताना दिसली. पांढरं लुगडं, पायात प्लॅस्टिकच्या चपला, हातात कापडी पिशवी. दमून चार पावलांवर थांबायची, पुन्हा चालायची. ती अगदी जवळ आली तेव्हा मुंजाबानं ओळखलं आणि तो उठून उभा राहिला. ती भामाबाई होती. भिकनची बायको.

"मुंजाभाऊ," ती म्हणाली, "वळखलं का?"

"वळखलं, भामावैनी."

"ईद्यापीठाला बाबासायबाचं नाव लागलं. मी गेटापाशी गेल्ते. पाय ठिवायला जागा नव्हती. लोक रडत व्हते, नाचत व्हते." पदराची गाठ तिनं पुढं केली. "हा पेढा तिथलाच हाये. म्हनलं, ह्ये ज्याच्या जिवावर आलं त्याला आधी सांगावं. तो कुठं पडला व्हता ती जागा मला दावा. त्या दिशी धड बघितलं बी न्हाई मी."

मुंजाबानं खाली बघितलं. जगात एकाच माणसाला त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ते माणूस ही बाई होती. सोळा वर्षं तो तिच्यापासून तोंड लपवत आला होता. ती शहरात राहायला गेल्याचं ऐकून त्याला बरं वाटलं होतं, आणि असं बरं वाटल्याची पुन्हा लाजही वाटली होती. आता ती स्वतःच्या पायानं आली होती. सांगायचं तर आजच, कारण दऱ्यात जिथं दोन वाटा फुटतात त्या खडकावर मुकादमानं कालच चुन्याच्या फुल्या मारल्या होत्या. उद्या तिथं सुरुंग लागायचा होता.

"चला," तो म्हणाला आणि सवयीनं पुढं झाला.

दऱ्याच्या तोंडाशी पूर्वी करवंदीची जाळी होती. आता तिथं पांढरी धूळ होती. खाणीनं डोंगराची कूस खरवडून काढली होती आणि आतला काळा पाषाण उघडा पडला होता. त्या काळ्या भिंतीत मधूनमधून पोकळ्या होत्या आणि पोकळ्यांत पांढऱ्या गारा, कुठं सुयांसारख्या बारीक, कुठं बोटाएवढ्या जाड. सर सांगत, हा सगळा डोंगर एके काळी वितळलेला रस होता, पातळ गुळासारखा वाहत आला. त्यात हवेचे बुडबुडे राहिले. रस गोठला, बुडबुड्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि लाखो वर्षं त्यांत पाणी झिरपून या गारा धरल्या. मुंजाबाला हे पाठ होतं. एरवी तो कुणाबरोबर इथून जाताना बोलल्याशिवाय राहत नसे, पण आज तो पाय उचलत पुढं निघाला.

भामाबाईच थांबली. "ह्या गारा आमच्या घरात व्हत्या. त्यांनीच आनल्या व्हत्या. बाबासायबाच्या फोटूखाली मांडल्या व्हत्या."

"मीच दिल्त्या त्याला," मुंजाबा म्हणाला.

भिकन आणि मुंजाबा एका वयाचे. दोघांची घरं गावाच्या दोन कडांना होती आणि पाणी दोन विहिरींचं होतं, पण दरा एकच होता. भिकन गावातला पहिला माणूस जो चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला. सायकलवर फुलंब्री, तिथनं बस. खाकी पँट, खिशाला पेन. पेनाचं काम काय, तर काही नाही, तो लोखंड घासायच्या मशीनवर होता. मुंजाबा त्याला चिडवायचा, "पेनानं लोखंड घासतो का रं?" भिकन म्हणायचा, "बद्रीनाथच्या बापाला दिसावं म्हनून लावतो." आणि ते खरंही होतं. भिकनचा बाप ज्यांच्या शेतात राबला, त्यांच्या बांधावरून भिकन पेन लावून सायकलवर जायचा. ते पेन ज्यांना दिसायला हवं होतं त्यांना नीट दिसत होतं.

मुंजाबाची लोकर कातरायची कातर बोथट झाली, तेव्हा भिकननं ती कारखान्यात नेऊन मशीनवर अशी धार लावून आणली, की मेंढीला कळायच्या आत लोकर उतरायची. ती कातर मुंजाबाकडं अजून होती. मेंढरं विकून टाकली तरी कातर त्यानं विकली नाही. तिला तेल लावून तो ठेवी आणि वापरत मात्र नसे.

खाणीची आजवरची हद्द संपली आणि वाट चढाला लागली. डाव्या अंगाला दऱ्याला नाव देणारा तो पट्टा आला. वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधोमध हातभर रुंदीची तांबडी ओळ, सगळ्या दऱ्याला वेढा घालून गेलेली. विहीर खोदणारे म्हणतात, तांबडं लागलं की पाणी लागलं. वरच्या खडकातून झिरपलेलं पाणी या पट्ट्यावर येऊन अडतं आणि बाहेर फुटतं. इथं एक झरा होता. मुंजाबाच्या आज्यापासून मेंढरं इथं पाणी पीत आली. सुरुंगांच्या हादऱ्यानं वरचा खडक फुटला आणि झरा कुठं आत पळाला ते कुणालाच कळलं नाही. आता दगडात कोरलेलं जुनं कुंड होतं आणि कुंडात वाळका पाला.

"तुमी एकदा सांगितलं व्हतं, ही माती भाजल्याली हाये म्हनून," भामाबाई म्हणाली.

"मी न्हाई, सर सांगायचे. एक थर गोठला, त्याच्यावर हजारो वर्षात माती झाली. गवत आलं आसंल, झाडं आली आसतील. मग वरनं दुसरा आगीचा लोट आला. खालची माती भाजून तांबडी झाली."

आगीचं नाव निघालं आणि दोघांच्याही डोळ्यांपुढं एकच गोष्ट आली. १९७८चा जुलै सरत आला तेव्हा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. भिकननं बौद्धवाड्यात साखर वाटली. दोन-चार दिवसांत बातम्या येऊ लागल्या. कुठं रस्ता अडवला, कुठं बस फोडली, कुठं घरं पेटवली. गावात लोक पारावर जमून बोलत आणि बौद्धवाड्यातलं कुणी दिसलं की गप्प होत. एका संध्याकाळी बौद्धवाड्यातली अकरा घरं पेटली. पावसाळ्याचे दिवस, छपरं ओली, तरी पेटली, कारण गावात रॉकेल आधीच घरोघरी जमवून ठेवलेलं होतं. मुंजाबानं आपल्या वाड्यावरून धूर पाहिला. तो गेला नाही. मेंढरं वाघुरात, जाळीच्या कुंपणात, कोंडायची होती, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

सकाळी मेंढरं काढली तेव्हा बाजरीच्या रानात त्याला चौघं सापडली. भिकन, भामाबाई, तिच्या काखेला वर्षाचं लेकरू आणि भिकनची म्हातारी आई लक्ष्मीबाई. रात्रभर चिखलात बसलेली. भिकनचा शर्ट खांद्यावर जळला होता आणि खिशाला पेन तसंच होतं. भिकन म्हणाला, "मुंजाबा, दऱ्यातनं घाटाच्या रस्त्याला लाव आमाला. तिथं पोलिसांची गाडी आसती म्हने." मुंजाबानं मेंढरं पुतण्याच्या हवाली केली आणि यांना घेऊन दऱ्यात शिरला. हे त्यानं केलं. हे सांगितलंच पाहिजे, कारण त्या गावात त्या दिवशी दुसऱ्या कुणी एवढंही केलं नाही.

पण त्यानं आणखी एक गोष्ट केली, आणि तीच त्याच्या जिवाला लागली होती.

धनगरांत एक रीत असते. मेंढरं घेऊन गडी पुढं जातो. बायको मागाहून येते. तिच्या डोक्यावर भाकरीची पाटी असते आणि संगं लंगडी मेंढरं न् कोकरं. काळ्या खडकावर पाऊल उमटत नाही. म्हणून जिथं वाट फुटते तिथं गडी तीन दगड रचून जातो. खाली चपटा, त्यावर मधला, त्यावर एक टोकदार. टोक ज्या अंगाला, तिकडं गडी गेला. मुंजाबा सहा वर्षांचा असल्यापासून ही खूण रचत आला होता. त्याला त्यासाठी थांबावं लागत नसे, वाकता वाकता हात रचून मोकळे होत. पुतळाबाई, त्याची बायको, याच खुणांच्या मागं वीस वर्षं दऱ्यात बिनचूक आली. आणि त्या सकाळी, मागं माणसं लागलेली असताना, भिकनच्या लेकराला हुंदका आला तरी सगळ्यांचा श्वास अडकत असताना, मुंजाबाच्या हातांनी झऱ्यापाशी तीन दगड रचले, दोन वाटांपाशी तीन दगड रचले, आणि लेण्याकडं वळायच्या कपारीपाशी तीन दगड रचले. त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. भाकरी मोडताना कुणी बोटांकडं लक्ष देतं का?

भामाबाई आता दम खात कुंडाच्या कडेवर बसली होती. मुंजाबाच्या जिभेवर शब्द आले होते. वैनी, इथं मी पहिली खूण ठिवली. एवढंच म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "पानी पेता का? माझ्याकडं बाटली हाये."

ती पाणी प्याली. दोघं पुन्हा चालू लागले.

वर दरा अरुंद होतो. दोन्हीकडं उंच कडे आणि मधे निळ्या आभाळाची पट्टी. सरांच्या पोरी इथं आल्या की टाळ्या वाजवून आवाज घुमवत. जागा खरोखर देखणी आहे. अशा देखण्या जागी असं व्हावं याचा मुंजाबाला राग येई. निदान उजाड माळावर तरी व्हायचं होतं, असं त्याच्या मनात येई.

त्या दिवशी चौघांना त्यानं लेण्यात बसवलं होतं. लेणं म्हणजे एक ओसरी, आत तीन अंधाऱ्या खोल्या आणि पाण्याचं टाकं. अर्धवट कोरून सोडलेलं. धनगर त्याला गोठा म्हणत आणि पावसात तिथं मेंढरं कोंडत. सरांनी पूर्वी एकदा सांगितलं होतं, की दीड-दोन हजार वर्षांपूर्वी इथं भिक्खू राहत. ते भिकनला कळलं तेव्हापासून तो दर वैशाखी पौर्णिमेला लेंड्या झाडून तिथं मेणबत्ती लावायचा आणि मुंजाबाला म्हणायचा, "आमच्या मानसाच्या घरात तुमी मेंढरं बांधली." मुंजाबा म्हणायचा, "मेंढरांनी राखलं म्हनून ऱ्हायलं." दोघं हसायचे.

त्यांना तिथं बसवून मुंजाबा एकटा घाटाचा रस्ता बघायला वर गेला. पोलिसांची गाडी नव्हती. अर्ध्या-पाऊण तासात तो माघारी आला, तर दोन वाटांपाशी लेण्याकडून चार गडी माघारी येत होते. हातांत कुऱ्हाडी, काठ्या. सगळ्यात मागं बद्रीनाथ. तो खुणेपाशी थांबला, वरचा टोकदार दगड उचलून त्यानं हातावर झेलला आणि मुंजाबाकडं बघून म्हणाला, "आजून बी तशीच रचतो का, मुंजाबा? मला वाटलं, इसरला आसशील." दगड त्यानं दरीत फेकून दिला आणि निघून गेला. मुंजाबा पळत लेण्याकडं गेला. भिकन ओसरीच्या खाली पालथा पडला होता. आतल्या माणसांकडं कुणी जाऊ नये म्हणून तो स्वतः बाहेर आला होता. पेन खिशातच होतं.

दोन वर्षांनी शहरात खटला उभा राहिला. बद्रीनाथला त्या वाटेनं कुऱ्हाड घेऊन येताना पाहिलेला एकच माणूस होता. सरकारी वकिलानं मुंजाबाला विचारलं, तुम्ही कुणाला पाहिलं? मुंजाबाला पुढचा प्रश्न दिसत होता. त्यांना लेण्याची वाट कशी सापडली? समोर बाकावर भिकनची आई बसली होती. मुंजाबा म्हणाला, "मला कुनी दिसलं न्हाई." बद्रीनाथनं त्याला धमकावलं नव्हतं. नुसता बघत होता. साक्ष होताच मुंजाबा जिना उतरला तो थेट बस गाठून गावी आला. पुढं बद्रीनाथ सुटला. तीन-चार वर्षांनी क्रशर निघाला तेव्हा त्यानंच मुंजाबाला निरोप धाडून कामावर बोलावलं. मुंजाबा गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं तो स्वतःशी म्हणायचा आणि म्हणताना त्यालाही ते खरं वाटत नसे.

खूण मात्र त्या दिवसापासून त्यानं कधी रचली नाही. पुतळाबाईनं पुष्कळ विचारलं. एका धुक्याच्या सकाळी ती वाट चुकली, कड्यावरून दोन कोकरं गेली आणि तिचा पाय कायमचा अधू झाला. तरी त्यानं कारण सांगितलं नाही. ती ते कारण न कळताच मेली.

दोन वाटा आल्या. मधल्या खडकावर चुन्याच्या चार पांढऱ्या फुल्या होत्या. मुंजाबा थांबला. 

"वैनी, जरा थांबा. म्होरं जायच्या आधी मला एक सांगायचंय."

भामाबाई थांबली. त्यानं तिच्याकडं न बघता, फुल्यांकडं बघत सांगितलं. झऱ्यापाशी काय केलं, इथं काय केलं, कपारीपाशी काय केलं, बद्रीनाथ काय म्हणाला. सगळं एका दमात. सांगून झाल्यावर तो खाली बसला. ती ओरडेल, शिव्या देईल, दगड उचलून घालील, आणि घातला तर बरं होईल, असं त्याला वाटत होतं.

"मला ठाव हाये," भामाबाई म्हणाली.

मुंजाबानं वर बघितलं.

"आतल्या खोलीत लेकराच्या तोंडावर हात दाबून बसले व्हते मी. भाईर बद्रीनाथ बोलला ते ऐकू आलं. 'मुंजाबाची खून हाये, म्हंजे हितंच आसतील.' तवाच कळलं." ती खडकाला टेकून उभी राहिली. "आन ह्या हिथली खून, मुंजाभाऊ, तुमी रचून म्होरं गेले. माझ्या लुगड्याचा काठ लागून वरचा दगड पडला. तुमाला दिसलं न्हाई. मी उचलून परत ठिवला. टोक व्हतं तसं केलं. म्हनलं, पुतळाबाई मागनं भाकरी घिऊन यील, बिचारी चुकायची."

वारा नव्हता. खाली कुठंतरी ट्रकचा आवाज येत होता.

"म्हंजे तुमी बी..." मुंजाबा म्हणाला. त्याच्या छातीवरचं ओझं एकदम सैल झाल्यासारखं झालं. सोळा वर्षांत त्याला पहिल्यांदा रडू आलं. "वैनी, म्हनूनच मी कोर्टात तोंड उघडलं न्हाई. भ्यालो न्हाई मी. लाज वाटली. खुनेचं सांगावं लागलं आसतं. म्हातारीपुढं कोन्त्या तोंडानं सांगू?"

भामाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "मी सांगितलं."

"काय?"

"कोर्टात. तू गेल्यावर दुसऱ्या दिशी. सगळं सांगितलं. वरचा दगड मी ठिवला ते बी सांगितलं. माझी सासू समूरच बसली व्हती. त्यांचा वकील हसला. म्हनला, मंग वाट तूच दावली की. मी म्हनले, व्हय, मी बी दावली, पन कुऱ्हाड यानं घातली." तिचा आवाज चढला नाही. "तर जजसायेब म्हनले, बाई, नुसत्या आवाजावर कसं धरावं? याला डोळ्यानं कुनी बघितलं? मी काय सांगू? बघनारा आदल्या दिशी सांगून गेल्ता, कुनी दिसलं न्हाई."

मुंजाबा स्वतःच्या हातांकडं बघू लागला.

"दगडाचा राग न्हाई मला," भामाबाई म्हणाली. "तुजे हात तसे, माजे बी तसेच. पन लाज मला नव्हती का रं, मुंजाबा?"

भाऊ म्हणणं तिनं सोडलं होतं, ते त्याला कळलं.

ती लेण्याच्या वाटेला लागली. तो उठून पुढं व्हायला गेला तशी तिनं हातानंच त्याला थांबवलं. कपारीपाशी ती क्षणभर घोटाळली, मग बरोबर वळली. मुंजाबा फुल्यांच्या खडकापाशी उभा राहिला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. पदराची गाठ मोकळी होती. त्याच्या जवळून ती गेली, पण थांबली नाही आणि बोललीही नाही. खाली क्रशरकडं न जाता ती घाटाच्या वाटेनं वर चढली. सोळा वर्षांपूर्वी भिकनला जायचं होतं त्याच वाटेनं. वाट कुठं जाते ते तिनं त्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुकादमानं दोन वाटांच्या खडकात सुरुंग भरले. बद्रीनाथ जीपमधून आला होता आणि खाली उभा होता. मुंजाबा उंचावर चढला. तीन शिट्ट्या मारल्या. लाल फडकं हलवलं. दरा त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. काळा दगड, तांबडा पट्टा, लेण्याच्या तोंडाशी ओसरीवर विझलेल्या मेणबत्तीचा पांढरा ठिपका.

"दिसतंय का कुनी?" खालून मुकादम ओरडला.

मुंजाबा बोलला नाही.

"अरं, दिसतंय का कुनी?"

 बद्रीनाथनं कपाळावर हात धरून वर बघितलं आणि स्वतः हाक मारली, "मुंजाबा! हाये का कुनी तिथं?"

मुंजाबानं त्याच्याकडं बघितलं. कुऱ्हाड घेऊन लेण्याकडून येणारा तोच माणूस, केस पांढरे झालेला. फडकं हातात तसंच होतं. मग तो ओरडला, "कुनी न्हाई!"

मुकादमानं बत्ती दिली.